एक नंबरची जागा

डोंगरातल्या उएसावा वाडीत त्या वर्षी चहाला कोंब फुटायच्या आधीच तोकुजीच्या घरात कुरबुर सुरू झाली. खालच्या पेठेतून निरोप आला होता. वरच्या वाडीच्या अग्निशमन पथकाने यंदाच्या कवायत स्पर्धेत चार माणसं उतरवली नाहीत, तर पथक खालच्या पथकात मिसळायचं आणि पंप खाली न्यायचा. निरोप आणणारा माणूस सभ्य होता. उंबऱ्यात उभा राहून तो पुन्हा पुन्हा वाकला, चहा न घेता गेला, आणि जाताना त्याने पंपाच्या खोलीकडे एकदा बघून घेतलं.

पंप म्हणजे काही मोठा बंब नव्हता. चार दांड्यांचं लाल यंत्र, चौघांनी चार कोपऱ्यांना धरून उचलायचं, छोट्या टेम्पोच्या पाठीवर ठेवायचं. पण गेल्या हिवाळ्यात म्हाताऱ्या हिसाचं घर पेटलं, तेव्हा पेठेतला बंब घाटाची वळणं चढून येईस्तोवर तुळया खाली आल्या होत्या. हिसाबाई गेली. शेजारची दोन घरं आणि मागचं देवदाराचं रान मात्र ह्या लाल यंत्राने वाचवलं. त्या दोन घरांतलं एक तोकुजीचं आणि त्याच्या बायकोचं, सादाएचं, होतं. भिंतीची मागची बाजू अजून काळी होती, पुसली तरी हाताला लागायची. म्हणून पंप खाली जाणार म्हटल्यावर सगळ्यांत आधी तीच धास्तावली.

तोकुजी पथकाचा नाईक. साठी ओलांडलेला, पण ताठ. दोन नंबरला शेजारचा गेन्पाची, तीन नंबरला पंप सांभाळणारा मोरिओ. दोघं त्याच्याच वयाचे. आधीचा एक नंबर मात्र पेठेत मुलीकडे राहायला गेला होता, आणि एक नंबरला पळायचं असतं. पाइप उलगडत जायचं, दुसरा खांद्यावर घ्यायचा, पाठीवर नोझल बांधून पुढच्या रेषेपर्यंत एका दमात जायचं आणि समोरची तबकडी पाण्याने पाडायची. हे काही गुडघे वाजणाऱ्या माणसाचं काम नव्हे.

"पोरगं हाय की घरात," गेन्पाची ओसरीवर मांडी ठोकून म्हणाला. "वाडीत एकच तर जवान गडी. का त्येला लोणच्यात घालून ठिवलाय, वहिनी?"

सादाए हसली. तिचा मुलगा कात्सुया आत मुळ्याची फोड चावत बसला होता. शहरातली नोकरी सोडून तो दोन वर्षांपूर्वी परत आला होता. चहाचा मळा मी बघतो म्हणाला, तेव्हा सादाएने ते कुणाला सांगितलं नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून. तेहतिशीचा पोरगा परत येतो अशी दुसरी गोष्ट त्या डोंगरात घडली नव्हती.

"पळेन मी," कात्सुया आतून म्हणाला. "पण एकदम जोर नको. हळूहळू वाढवत नेऊ."

"पद्धत ठरल्याली हाय," तोकुजी म्हणाला. "हळूहळू आग लागती व्हय?"

त्यावर सगळे हसले. कात्सुयाही हसला.

सराव पहाटे. बंद पडलेल्या शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेषा मारलेल्या. दव इतकं, की पळणाऱ्यांचे बूट भिजून जड व्हायचे. तोकुजी शिट्टी वाजवायचा आणि अंथरुणातून उठून आलेली माणसं तशीच पळायला लागायची. पाय मोकळे करणं वगैरे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. स्पर्धेत गुण असतात ते टाचा जुळल्या का, हात मांडीला चिकटले का, पांढरे हातमोजे नीट आहेत का, ह्याला. पाणी तर काय, शेवटी पडतंच. सादाए आणि मोरिओची बायको भाताचे गोळे आणि गरम मिसोच्या सुपाचं पातेलं घेऊन पायऱ्यांवर बसायच्या. ओले पाइप नंतर मळ्यात दहिवर बसू नये म्हणून लावलेल्या उंच पंख्याच्या खांबावर वाळत टाकायचे. लांबून ते गळफासासारखे दिसत, म्हणून सादाए तिकडे बघायची नाही.

गेन्पाची चुकला तर तोकुजी "आरं, सांभाळ" एवढंच म्हणे. मोरिओ चुकला तर तेवढंही नाही. कात्सुया चुकला, की "परत!" चुकला नाही तरी "परत!" नाइकाच्या पोराला सूट मिळाली असं कुणी म्हणायला नको, ही त्यातली मेख. तोकुजीच्या बापाने तोकुजीला असंच पळवलं होतं. वाडीतल्या नाइकांची ही रीतच. स्वतःच्या पोराला जो दुप्पट दमवील तो खरा नाईक.

मग पहिली तोडणी आली. चहाचं पान कुणासाठी थांबत नाही, चार दिवस चुकलं की जून होतं. कापणीचं यंत्र दोघांनी धरायचं, रांगेच्या ह्या बाजूला एक, त्या बाजूला एक. मागे लांबलचक पिशवी फुगत येते, ती सांभाळायला सादाए. कात्सुया वरच्या अंगाला असायचा, म्हणजे उतारावर आडवा पाय टाकत, एक टाच वर, एक खाली. पहाटे मैदान, दिवसभर मळा, संध्याकाळी पानाच्या गोण्या कारखान्यात. रात्री जेवता जेवता त्याची मान पुढे पडायची आणि तोंडातला घास तसाच राहायचा.

एका सकाळी सादाएने त्याला जिना उतरताना बघितलं. भिंतीला धरून, खेकड्यासारखा आडवा.

"टाच धरलीया?"

"सकाळी ताठते. चालायला लागलं की सुटते."

"बघू."

तिने त्याचा पाय मांडीवर घेतला. लहानपणी काटा काढायला घ्यायची तसा. टाचेच्या वर, शिरेच्या जागी, सुतळीला गाठ पडावी तसं काहीतरी बोटाला लागलं. दाबल्याबरोबर त्याने दात आवळून श्वास ओढला. तिने गरम पाण्याची पट्टी ठेवली, मलम चोळलं, आणि त्यालाच दोष दिला, की शहरात खुर्चीवर बसून पाय नाजूक करून घेतलास.

पेठेच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक माकिनो बाई होत्या. कात्सुया गोण्या पोचवायला गेला तेव्हा त्यांना पाय दाखवून आला. त्यांनी सांगितलं, की पळायच्या आधी अंग गरम करायचं, एक दिवस पळालं की एक दिवस पळायचं नाही, आणि रोज पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, सावकाश. तेव्हापासून तो पहाटे उंबऱ्याच्या कडेवर उभा दिसायचा. चौकटीला हात, टाच हळूहळू खाली. सादाए चुलीपाशी तांदूळ धूत त्याच्याकडे बघायची. तेवढा वेळ तो अगदी एकटा असायचा, कुणाचा मुलगा नाही, कुणाचा एक नंबर नाही.

त्या बाई एकदा स्वतःच मैदानावर आल्या. कात्सुयानेच बोलावलं होतं. वय कोवळं, पायात कापडी बूट, हातात कागदी पिशवी. त्यांनी सगळ्यांना शाळेच्या पायरीवर उभं केलं.

"काका, तुमच्या वयात तर हे जास्तच गरजेचं आहे," त्या गेन्पाचीला म्हणाल्या. "शीर थंड असताना एकदम ओढली, की तुटते. अग्निशमनाची माणसं आगीत कमी आणि सरावात जास्त जायबंदी होतात."

"हितं टाच खाली सोडायची?" गेन्पाचीने विचारलं. "आन् मंग?"

"मग वर घ्यायची."

"आन् मंग?"

"परत खाली."

गेन्पाचीने कमरेवर हात ठेवून, नवरी उंबरा ओलांडते तशी टाच खाली सोडली आणि डोळे मिटून "आय आय गं" केलं. मोरिओ एवढा हसला की त्याला खोकला आला. बाईंचा चेहरा लाल झाला. कात्सुया त्यांच्या शेजारी उभा होता. तोही हसला. सादाएने ते बघितलं. ते हसू हसण्यातलं नव्हतं.

तोकुजी मात्र हसला नाही. तो रीतसर वाकला. "एवढ्या लांब आलात, उपकार झाले," म्हणाला, आणि नव्या चहाची पुडी त्यांच्या हातात देऊन त्यांना गाडीपर्यंत पोचवून आला. म्हणजे हाकलून दिलं, पण आदराने. परत आला आणि शिट्टी फुंकली.

गाडीत बसायच्या आधी बाई सादाएकडे वळल्या होत्या. "काकू, त्याला पंधरवडाभर पळू देऊ नका. मी त्याच्या वडलांना सांगितलं, त्यांना ऐकू आलं नाही. तुम्ही सांगा."

सादाएने सांगितलं. रात्री ताटं वाढल्यावर, भात घालता घालता, सहज काढल्यासारखं.

"पंधरा दिवस ऱ्हाऊ द्या की त्येला. पाय सुजलाय."

तोकुजीने जेवायच्या काड्या वाडग्यावर ठेवल्या. "ऱ्हाऊ देतो. आन् पंप? त्यो बी जाऊ दे खाली? परवा भिंत पुसत हुतीस तवा कोण रडत हुतं?"

"मी काय म्हंत्ये—"

"गेन्पाचीचा गुडघा पाण्यानं भरलाय, तरी येतोय त्यो. मोरिओच्या कमरंला पट्टा हाय. त्येंच्या म्होरं मी माझ्या पोराला गादीवर निजवू?"

"आई, राहू दे," कात्सुया म्हणाला. "थोडेच दिवस उरलेत."

सादाएला हिसाबाईचं जळकं घर आठवलं. खिडकीतून हिसाबाई काहीतरी ओरडत होती आणि तिला ते ऐकू आलं नव्हतं. पंप गेला तर पुढच्या वेळी कोण? तिने भाताचं झाकण लावलं आणि ती गप्प बसली. ते गप्प बसणं तिला पुढे जन्मभर पुरलं.

स्पर्धेच्या दिवशी झिमझिम पाऊस होता. पेठेचं मोठं मैदान, तंबू, झेंडे, वाडीवाडीची पथकं. कात्सुया उभ्या गाड्यांच्या मागे जाऊन पाय मोकळे करत होता. जागच्या जागी उड्या, मग गाडीच्या पायरीवर टाचा. सादाए छत्री धरून त्याच्याजवळ गेली. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहरा चांगला दिसत होता.

"आज दुखत नाहीये," तो म्हणाला. "अंग गरम झालंय. आत्ता सोडलं ना, तर उडत जाईन."

तिने त्याच्या गळ्याजवळचं बटण लावलं.

पण आत्ता कुणी सोडलं नाही. उएसावाचं पथक रेषेवर उभं राहिलं आणि मोठे पाहुणे आले. मग भाषणं. एकाने गावाच्या सुरक्षेबद्दल सांगितलं, दुसऱ्याने पहिल्याचे आभार मानले, तिसऱ्याला दोघांनी आग्रह केला. रेषेवर चौघं ताठ, टाचा जुळवून, हात मांडीला. पाऊस टोपीवरून मानेत उतरत होता. सादाए तंबूतून पोराच्या पायांकडे बघत होती. तिला दिसलं, त्याने उजवी टाच किंचित उचलली, ठेवली. परत उचलली. बाईंनी शिकवल्यासारखी.

तोकुजीने मान न वळवता ओठ हलवले. इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. पण एवढी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याचे ओठ वाचायला कान लागत नाहीत.

हलू नको.

कात्सुयाची टाच खाली गेली आणि खालीच राहिली. भाषण चाललंच होतं. त्याचे ओठ निळसर झाले.

मग एकदाचा बावटा पडला.

"क्रमांक!" तोकुजी गरजला.

"एक!"

"दोन!"

"तीन!"

कात्सुयाचा आवाज मैदानभर गेला. सादाएच्या शेजारची बाई म्हणाली, "तुमचा का? आवाज काय हाय!" सादाएला बरं वाटलं, ते तिला नंतर सारखं आठवायचं.

तो सुटला. पहिला पाइप त्याने असा फेकला, की पांढरा पट्टा सरळ रेषेत उलगडत गेला. लोक वा म्हणाले. दुसरा पाइप खांद्यावर घ्यायला तो वाकला, उठला आणि पुढे झेप घेतली. तंबूपर्यंत आवाज आला. ओला बांबू मोडल्यासारखा.

कात्सुया पालथा पडला, आणि पडल्यापडल्या मागे वळून रागाने ओरडला, "गेन्पाचीकाका! लाथ कशाला मारली?"

गेन्पाची पाच-सहा हात मागे होता. तो जागीच थांबला, दोन्ही हात वर करून. "म्या न्हाई!" तो म्हणाला. "म्या न्हाई रं!" तंबूतले लोक हसले. तमाशातलं सोंग वाटलं त्यांना.

हसले नाहीत ते दोघंच. सादाएची छत्री हातातून गेली. आणि हुकूम देऊन पुढे तबकडीजवळ गेलेल्या तोकुजीचा चेहरा क्षणभर असा झाला, की आता तो पळत येणार. एक पाऊल त्याने टाकलंही. मग त्याने ते मागे घेतलं, टाचा जुळवल्या आणि ओरडला, "एक नंबर! म्होरं!"

कात्सुया उठला. उजवा पाय टाकला की तो ओल्या चिंधीसारखा खाली बसायचा. तसाच तो गेला, लंगडत, खांद्यावर पाइप, पाठीवर नोझल. जोड लावला, रेषेवर पोचला, उभा राहिला. पाणी आलं, तबकडी पडली. मैदानाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्याने पंचांना वाकून नमस्कार केला, टाचा जुळवल्या, आणि मग खाली बसला.

उएसावाला जिद्दीचं खास बक्षीस मिळालं. चौकटीतलं मानपत्र. पाहुण्यांनी तोकुजीचा हात दोन्ही हातांत धरला. असं पथक असताना पंप खाली न्यायची भाषा करायला त्यानंतर कोण धजणार? पंप वाडीतच राहिला.

दवाखान्यात गेन्पाची बाकावर बसून रडत होता. सादाए दिसली की उठायचा. "वहिनी, खरं सांगतो, माझा पाय त्येला लागला न्हाई."

"न्हाई हो लागला," सादाए म्हणाली. "शीर तुटली म्हंजे तसंच वाटतं म्हणं, मागनं कुणी मारल्यागत."

"पर त्यो माज्याकडंच बघत हुता."

तोकुजी खिडकीशी उभा होता. हातात पांढरे हातमोजे, पिळून पिळून त्यांची दोरी झालेली.

दुसरी तोडणी प्लास्टरात गेली. पोरगा ओसरीवर, पाय उशीवर. यंत्राचं वरचं टोक तोकुजीने घेतलं, खालचं सादाएने. पिशवी ओढायला कुणी नाही, म्हणून ती दर रांगेला कुठेतरी अडायची आणि सादाए यंत्र खाली ठेवून ती सोडवायला जायची. उन्हाने तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. एकदा ती रांगेत बसकण मारून बसली ती उठेचना. तोकुजीने डबक्यातलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. ओसरीवरून हे सगळं दिसायचं. कात्सुया तोंड फिरवून आत बघायचा. आत भिंतीवर ते मानपत्र होतं. मग तो पुन्हा बाहेर बघायचा.

प्लास्टर निघालं. माकिनो बाईंनी सांगितलं होतं, उताराचं नाव नको, पानगळ होईपर्यंत नको. शीर सांधली असली तरी अजून कच्ची आहे. तो रोज त्यांनी सांगितलेलं सगळं करायचा. टॉवेल बोटांनी ओढायचा, रबराचा पट्टा ताणायचा, चौकटीला धरून टाच वर घ्यायचा. टाच वर जायची नाही. घाम यायचा, टाच तिथेच.

एका सकाळी सादाए मळ्यात पोचली तर यंत्राचं वरचं टोक धरून कात्सुया उभा.

"आरं, खाली उतर!"

"एकच रांग, आई. तू पिशवी धर. काल परत चक्कर आली ना तुला?"

तिने तोकुजीकडे बघितलं. नको म्हणावं असं त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण तो शब्द त्याने पोराला कधी सवयीनेही म्हटला नव्हता. फक्त एकच नको त्याला माहीत होता: हलू नको. यंत्र सुरू झालं. सकाळ गार होती. रांग निम्म्यावर आली आणि कात्सुयाचा पाय पाण्याच्या चरात गेला. ह्या खेपेला आवाज यंत्राच्या घरघरीत बुडाला. तो ओरडलाही नाही. यंत्र आधी नीट झुडपावर टेकवलं, मग खाली बसला आणि टाच धरून डुलायला लागला.

तोकुजीने यंत्र बंद केलं. तो वर आला, पोराकडे पाठ करून ओणवा झाला.

"बस."

"बाबा, तुम्हाला नाही झेपणार."

"बस म्हंतोय ना."

साठी उलटलेला माणूस तेहतिशीच्या पोराला पाठीवर घेऊन सबंध उतार उतरला. पोराचे लांब पाय जमिनीला लागत होते. तोकुजीच्या मानेच्या शिरा तटतटल्या, दोनदा गुडघा टेकला, तो उठला. सादाए मागून, एका हाताने कात्सुयाचा तो लोंबता पाय धरून. तोकुजीने पोराला पाठीवर घेतलेलं तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, तो रांगत होता तेव्हाही नाही. खाली आल्यावर तोकुजीने त्याला ओसरीवर ठेवलं आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. बादलीवर बादली पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला.

पानगळ झाली तेव्हा कात्सुया चालू लागला. सपाटीवर लंगड कळायचीही नाही. पण उएसावात सपाटी कुठे होती? शाळेच्या मैदानाएवढी.

"उतारावर पायाचा भरवसा वाटत नाही, आई," त्याने सांगितलं. शहरात फोनवर बोलायचं काम मिळत होतं. दिवसभर बसून.

सादाएने भाताचे गोळे बांधून दिले, चहा दिला, वाळवलेली पर्सिमनची फळं दिली. एवढं कशाला, तो म्हणाला, आणि सगळं घेतलं. तोकुजी बसपर्यंत आला नाही. पंप तपासायचा दिवस होता म्हणे. बस वळणावर दिसली तेव्हा कात्सुया म्हणाला, "बाबांना सांग, थंडीत सराव घेताना गेन्पाचीकाकांना आधी पाय मोकळे करू दे. त्यांच्या टाचेवर पण गाठ आहे. मी बघितलीय."

"तूच सांग की फोन करून."

"तू सांग."

बस गेल्यावर तिने पदर नव्हता म्हणून डोक्याच्या फडक्याने डोळे पुसले आणि चढण चढून घरी आली. निरोप तिने त्याच रात्री सांगितला. तोकुजीने ऐकलं. सूप प्यायला, वाडगा ठेवला.

नव्या वर्षाची पहिली कवायत शाळेच्या मैदानावर झाली. जमीन गोठून कडक झाली होती. सादाए आणि मोरिओची बायको लाल घेवड्याच्या गोड सुपाचं पातेलं घेऊन पायऱ्यांवर आल्या, तर पायऱ्यांवर जागाच नव्हती. तिथे तीन म्हातारे ओळीने उभे होते, कठड्याला धरून, चवड्यांवर. टाचा सावकाश खाली, सावकाश वर. मध्ये तोकुजी.

"घाई नको," तो म्हणत होता. "परत. दमानं."

गेन्पाची कमरेवर हात ठेवेल, डोळे मिटेल, काहीतरी सोंग करेल, म्हणून मोरिओची बायको आधीच हसायच्या तयारीत होती. गेन्पाची कठड्याकडे बघत टाच खाली सोडत राहिला. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर थेंब लोंबत होता, तो त्याने पुसला नाही.

अंग गरम झाल्यावर ते मैदानात गेले. तोकुजी समोर, दोघं रेषेवर. रेषेवर उभं राहताना गेन्पाचीने आपल्या उजवीकडे एका माणसाची जागा सोडली होती.

"क्रमांक!" तोकुजी ओरडला.

कुणीच बोललं नाही. गोठलेल्या मैदानावर कावळा ओरडला तेवढाच.

"दोन!" गेन्पाची म्हणाला.

"तीन!" मोरिओ म्हणाला.

ओळ एकपासून सुरू व्हायला हवी. चुकली तर नाइकाने पुन्हा मोजायला लावायचं, हा नियम. "परत!" म्हणण्यात तर तोकुजीचा हात धरणारा कुणी नव्हता. तो त्या मोकळ्या जागेकडे बघत उभा राहिला.

"पंप उचला," तो म्हणाला.

ते तिघं पंपाशी गेले, तीन दांड्या धरल्या, आणि तसेच वाकून राहिले. तिघांना तो उचलत नाही, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? सादाएने पळी पातेल्यात ठेवली. हात पुसले, ती मैदानात उतरली आणि चौथ्या कोपऱ्याशी गेली. दांडीवरचा लाल रंग एका जागी घासून गेला होता. कात्सुया तिथे धरायचा. तिने हात घातला. लोखंड थंडगार होतं.

"थांब," तोकुजी म्हणाला.

तिला वाटलं, बायकांनी पंपाला हात लावायचा नसतो, ते काहीतरी काढणार.

"थंड अंगानं उचलू नको," तो म्हणाला. "आधी जा. पायरीवर जाऊन ये."

सादाए गेली. शाळेच्या पायरीच्या कडेला चवड्यांवर उभी राहिली, कठडा धरला, आणि पोराला पहाटे उंबऱ्यावर बघायची तशी टाच खाली सोडली. सावकाश. मग वर घेतली. डोळ्यांतलं पाणी गालावर येईस्तोवर गार होत होतं. पलीकडे पंपाभोवती तीन म्हातारे थंडीत तसेच उभे होते, कुणी घाई केली नाही. तिचं पुरतं होईपर्यंत ते थांबले.